ऊन उतरल्यावर फुलगळ? आणि टोमॅटोतलं ते 'उन्हाचं जीन'

ओतूरकर
रामराम मंडळी. एरवी मी राजकारणाचे धागे वाचून गप्प बसणारा माणूस, पण यंदा टोमॅटोने डोकं फिरवलंय म्हणून लिहितोय.

उन्हाळी लागण आहे, मल्चिंगचा प्लास्टिक कागद आणि ड्रिपवर, सव्वा एकर. बांधाकडच्या पंचवीस गुंठ्यांत नेहमीचा वाण, चार वर्षं लावतोय तोच. विहिरीकडच्या पंचवीस गुंठ्यांत यंदा पहिल्यांदाच एक नवीन वाण लावलाय. पुडी दीडपट महाग. दुकानदार म्हणाला, "दादा, यात उन्हाचं जीन हाये, पंचेचाळीसला बी फूल गळायचं नाय."

१८ ते २२ एप्रिल आमच्याकडे नुसती भट्टी होती. पोराने शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला कमाल-किमान तापमापक पडवीत टांगलाय, तो रोज वहीत लिहून ठेवतो. दुपारी ४१, आणि रात्री २५च्या खाली उतरायला तयार नाही. पण त्या पाच दिवसांत दोन्ही प्लॉट हिरवेगार, एक फूल खाली नाही. २४ला वळीव झाला, हवा गार पडली, म्हटलं सुटलो. आणि २ मेपासून बांधाकडच्या प्लॉटमध्ये रोज सकाळी मल्चिंगवर पिवळ्या फुलांचा सडा! देठासकट गळतायत. विहिरीकडे मात्र फुलं टिकली, सेटिंग (फळ धरणं) चालू.

तर प्रश्न दोन. भर उन्हात न गळालेली फुलं ऊन उतरल्यावर का गळाली? आणि असं 'उन्हाचं जीन' खरंच असतं का? असेल तर पुढच्या साली सगळं रान त्याच वाणाचं करतो.

खवचट_खंडू
उन्हाचं जीन आमच्या सासरेबुवांत आहे. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली बसून चहा पितात, आणि वर "आज हवा बरी आहे" म्हणतात.

गच्चीबाग
माझ्या गच्चीत कुंड्या फक्त नऊ, पण कहाणी हीच. पुण्यात पाऊस येऊन गेला, मी खूश, आणि आठवड्याने फुलं पटापट खाली. मी पाणी जास्त झालं समजून पाणी तोडलं. मग झाडंही माना टाकून बसली. वाचतेय.

रोपवाटिका
ओतूरकर दादा, आमची संगमनेरकडे रोपांची नर्सरी आहे, वीस वर्षं टोमॅटो बघतेय. दुपारचं ऊन सगळे बघतात, रात्रीचं कुणी बघत नाही. टोमॅटोला सेटिंगला रात्र १५ ते २०ची लागते. रात्र २५ची झाली की फूल दिसायला फूल असतं, पण फळ धरत नाही. गळ सुरू झाल्यावर लोक आमच्याकडे धावत येतात, बोरॉन द्या, एनएए (फुलगळीवरचं संप्रेरक) द्या, टॉनिक द्या. तोवर उशीर झालेला असतो. का ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण अनुभव आहे.

सातबारा
दुकानदाराने गंडवलं. विषय संपला. 'जीन' हा शब्द आता 'ऑरगॅनिक'सारखा झालाय, पुडीवर छापला की भाव वाढतो. आपल्याकडे व्यापारी लागवडीला खुलं झालेलं जीएम, म्हणजे बाहेरचं जीन घातलेलं, पीक एकच, कापूस. बीटी वांग्यावर २०१०च्या फेब्रुवारीत स्थगिती आली ती आजही आहे. मग टोमॅटोत जीन कुठून घातलं याने?

प्रयोगवही
सातबारा, घालायला कशाला हवं? ते आधीपासून आहेच. तुमच्या फ्रिजमधल्या टोमॅटोतही आहे, आणि एक नाही, पंचवीसेक आहेत. मी याच विषयात काही वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहिते.

उष्णता म्हणजे पेशीसाठी काय? प्रथिनांवरचं संकट. प्रथिन ही घडी घातलेली वस्तू आहे. घडी बरोबर असेल तरच ते काम करतं. तापमान चढलं की घड्या सुटतात आणि सुटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. अंडं उकडल्यावर पांढरं होतं तो हाच प्रकार. त्यावर पेशीचा इलाज म्हणजे हीट शॉक प्रथिनं, एचएसपी. घडी सुटलेल्या प्रथिनाला ती धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत, जमलं तर परत घडी घालून देतात. इंग्रजी पुस्तकं त्यांना शॅपरोन म्हणतात. मी विद्यार्थ्यांना करवली सांगायचे. नवरीच्या मागे-पुढे राहायचं, पदर सांभाळायचा, नको त्याच्या गळ्यात पडू द्यायचं नाही.

आता या करवल्यांना बोलावतं कोण? तर दुसरं एक जनुककुल, हीट शॉक फॅक्टर, एचएसएफ. ही प्रथिनं थेट डीएनएवर जाऊन बसतात आणि एचएसपीची जनुकं चालू करतात. माशीत असं जनुक एक, यीस्टमध्ये एक. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडोप्सिस नावाचं प्रयोगशाळेतलं लाडकं तण आहे, त्यात २१. टोमॅटोत पंचविसाच्या आसपास. माशी उडून सावलीत जाते. झाडाला ती सोय नाही, म्हणून हा सगळा बंदोबस्त.

यातला मुकादम म्हणजे ए१ए. एरवी एचएसपी ७० आणि एचएसपी ९० या करवल्याच त्याला धरून बसवतात. ऊन चढलं, प्रथिनांच्या घड्या सुटू लागल्या की करवल्या तिकडे धावतात आणि ए१ए मोकळा सुटतो. मग तिघा-तिघांची टोळी करून डीएनएवर बसतो आणि आणखी करवल्या मागवतो. पुरेशा झाल्या की त्याच त्याला परत धरून बसवतात. म्हणजे तापमान मोजायला वेगळा तापमापक नको, करवल्या किती मोकळ्या आहेत हाच तापमापक.

२००२मध्ये फ्रँकफर्टच्या गटाने टोमॅटोत हे ए१ए दाबून टाकलं. एरवी झाडं अगदी ठणठणीत, पानं-फळं सगळं नीट. पण उन्हाचा झटका दिला की मरायची. बाकीचे वीस-बावीस भाऊ घरात असूनही कुणी त्याची जागा घेऊ शकला नाही.

ओतूरकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, पण त्याआधी एक सांगा. दोन्ही वाणांची लागण एकाच दिवशी झाली होती का?

खवचट_खंडू
म्हणजे करवल्या कामाला लागल्या की नवरदेवाचा भाऊ मोकाट. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात हेच होतं.

निवृत्त_मास्तर
प्रयोगवही यांचा प्रतिसाद उत्तम. या शोधाच्या जन्माची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगत असे. इटलीत फेरुच्चो रितोस्सा नावाचे शास्त्रज्ञ फळमाशीच्या गुणसूत्रांवर काम करत होते. कुणीतरी त्यांच्या इन्क्युबेटरचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. दुसऱ्या कुणी ती माशी फेकून दिली असती. यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गुणसूत्रांवर नेहमीच्या जागी नसलेले फुगवटे! तिथली जनुकं धडाक्याने कामाला लागली होती. एका मोठ्या नियतकालिकाने, जीवशास्त्रात याला महत्त्व नाही म्हणून, लेख परत पाठवला. तो शेवटी १९६२मध्ये दुसरीकडे छापून आला. त्या 'बिनमहत्त्वाच्या' गोष्टीवर पुढे हजारो लोकांच्या पीएचड्या झाल्या.

आमच्या प्रयोगशाळेतला इन्क्युबेटरही कुणीतरी कायम चुकून वाढवून ठेवत असे. शोध एकही लागला नाही, बिल मात्र यायचं.

सातबारा
मी शब्द मागे घेतो, अर्धेच. पण मला हे कळत नाही की पंचवीस कशाला लागतात? एक मुकादम पुरे की.

प्रयोगवही
तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते, वकीलसाहेब. मूळ पुरुष एक. त्याच्या जनुकाची नक्कल होऊन दोन झाली, दोनाची चार. टोमॅटोच्या पूर्वजांत तर कधीकाळी अख्खा जनुकसंच तिप्पट झाला. २०१२मध्ये टोमॅटोचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला त्यात हे स्पष्ट दिसलं. (त्या कामात भारतही होता, पाचवं गुणसूत्र दिल्लीच्या संस्थांकडे होतं.) नकला झाल्या की तीन गोष्टी होतात. काही भाऊ कामाशिवाय राहून नाहीसे होतात, काही वडिलांच्या कामाची वाटणी करून घेतात, एखादा नवाच धंदा काढतो.

टोमॅटोत ए१चे चार भाऊ आहेत: ए१ए, ए१बी, ए१सी, ए१ई. सगळा कारभार ए१एकडे, बाकीचे किरकोळ. त्या अरॅबिडोप्सिसमध्येही ए१चे चार भाऊ, पण तिथे कारभार सामाईक, एखादा गेला तरी घर चालतं. दोन्ही घरी नाव एकच, वाटणीपत्रं वेगळी. म्हणूनच एका झाडातलं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही.

टोमॅटोच्या घरात आणखी दोघे महत्त्वाचे. ए२ एरवी घरात दिसत नाही. ऊन लागलं की ए१ त्याला जागं करतो आणि मग तो साठत जातो. ऊन लांबलं किंवा परत आलं तर पुढची लढाई याच्या जोरावर. आणि बी१, जो स्वतः फारसं करत नाही, पण ए१च्या हाताला हात लावतो.

सातबारा
एककर्ता कुटुंब आणि सामाईक खातं. आता कळलं. इतकं स्पष्ट कुणी मला दहावीत सांगितलं असतं तर मी वकील झालो नसतो.

खवचट_खंडू
पक्षकारांचंही भलं झालं असतं.

वऱ्हाडी_ठेचा
लय मोठी गोठ झाली राजेहो. आमच्याकडं अकोल्यात ४५ म्हंजे रोजचंच. भेदरं उन्हाळ्यात कोनी लावतच नाही, लावलं त नेटाखाली. माही आजी त्याले भेदरंच म्हने, टमाटे नाही. एक इचारतो, मे महिन्यात भेदरं लाल काहून होत नाही? पिवळं-नारिंगी रायतं, अन् बजारात भाव भेटत नाही.

रोपवाटिका
ठेचा भाऊ, आमच्या आजी बेलवांगी म्हणायच्या! वांग्याचीच भावकी ना शेवटी.
लाल न होण्याचं कारण मला ठाऊक आहे, कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात ऐकलं होतं. लाल रंग लायकोपीनचा, आणि तो ३०-३२च्या वर नीट तयार होत नाही. पिवळा रंग मात्र उन्हातही होत राहतो. म्हणून उन्हाळ्यात जरा आधी तोडून सावलीत पिकवलेला माल झाडावरच्यापेक्षा लाल होतो.

डेव्हिसकर
मी कॅलिफोर्नियात डेव्हिसजवळ राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे हमरस्त्यावर टोमॅटोचे ट्रक असे भरभरून जातात की वळणावर चार-दोन टोमॅटो रस्त्यावर लवंडतात. सगळा माल सॉस-केचपचा, तोडणी यंत्राने.

इथल्या विद्यापीठात रानटी टोमॅटोंच्या बियांची मोठी पेढी आहे, चार्ल्स रिक यांच्या नावाची. हे गृहस्थ दक्षिण अमेरिकेत डोंगरदऱ्यांतून आणि गालापागोस बेटांवर हिंडून बी गोळा करायचे. गालापागोसच्या टोमॅटोचं बी काही केल्या रुजेना. मग त्यांनी तिथल्या कासवांना ते टोमॅटो खायला घातले. कासव म्हणजे कासवच, बी बाहेर पडायला आठवडा-आठवडे. पण विष्ठेतून वेचलेलं बी उगवलं! हा निबंध १९६१चा.

त्याच बेटांवरच्या झाडांत त्यांना देठाला सांधा नसलेलं फळ सापडलं. तो गुण लागवडीच्या टोमॅटोत आणला, म्हणून यंत्राने तोडताना देठ फळाला लटकून येत नाही. ओतूरकरांची फुलं देठासकट गळतात म्हणाले ना, ती त्या सांध्यावरच तुटतात.

बेटांवर काही झाडं अगदी समुद्रालगत वाढतात. प्रयोगात त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही तग धरला. चिलीच्या वाळवंटालगत दुसरी एक जात आहे, ती कोरड्याला काटक. पर्णगुच्छ विषाणूला तोंड देणारं जनुक ब्रीडरांनी तिच्यातूनच घेतलं. आपण जे खातो ते या सगळ्या रांगड्या भावकीतलं लाडावलेलं पोर.

ओतूरकर
बापरे, दोन दिवस पाणी नव्हतं म्हणून इकडे फिरकलो नाही तर एवढं झालं! प्रयोगवही ताई, सगळं नाही पण बरंच समजलं. करवलीचं बायकोला वाचून दाखवलं.

कासवाचं वाचून पोरगं म्हणतंय आपण कासव पाळू.

प्रयोगवही
ओतूरकर, कासव पाळा, पण लागणीची तारीख सांगा. दोन्ही प्लॉटची.

गच्चीबाग
थोडं अवांतर, पण राहवत नाही. वर फ्रिजचा उल्लेख आला म्हणून. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवावा की नाही? घरी यावरून रोज वाद. सासूबाई म्हणतात चव जाते, नवरा म्हणतो थोतांड.

प्रयोगवही
सासूबाई जिंकल्या. २०१६मध्ये यावर नीट अभ्यास झाला. पिकलेले टोमॅटो ५ अंशांत आठवडाभर ठेवले. बाहेर काढल्यावर साखर-आंबटपणा तसाच, पण वासाची द्रव्यं खूप घटलेली, आणि नंतर बाहेर ठेवूनही ती पहिल्यासारखी भरून आली नाहीत. थंडीने ती द्रव्यं बनवणाऱ्या जनुकांच्या मागच्या-पुढच्या डीएनएवर खुणा बसतात आणि ती मुकी होतात. दोन-तीन दिवस ठेवलात तर एवढं बिघडत नाही. सारासाठी चालेल, कोशिंबिरीला बाहेरचाच घ्या.

थंडीचं जनुककुल वेगळं, सीबीएफ. टोमॅटोत तीन भाऊ शेजारी-शेजारी बसलेत आणि थंडीत जागा होतो एकटाच. त्याच्या हाताखाली माणसंही थोडी. म्हणून टोमॅटो थंडीला कच्चा.

खवचट_खंडू
तीन भाऊ शेजारी, राबणारा एक. ही जनुकं आमच्या गावची दिसतात.

सातबारा
मग सरळ प्रश्न. शास्त्रज्ञांना मुकादम सापडला आहे, तर त्याला कायमचं चालू करून ठेवा की. गजर बंदच करायचा नाही.

प्रयोगवही
करून पाहिलंय. एचएसएफचं नाही सांगत, त्या सीबीएफचंच सांगते, कारण तिथला निकाल जास्त बोलका. अरॅबिडोप्सिसचं सीबीएफ टोमॅटोत घालून सतत चालू ठेवलं. झाडं पाण्याच्या ताणाला काटक झाली खरी, पण खुजी राहिली, फळं कमी, बी कमी. रोज रात्री गस्त घालणारा माणूस दिवसा शेत कसं करणार? ज्या वेळी ताण येतो त्याच वेळी चालू होणारं बटण हवं, आणि ते जमवणं अवघड आहे.

उलटंही असतं. २०२५च्या मेमध्ये आपल्याकडे जीनोम संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यातल्या 'पुसा डीएसटी राइस १'मध्ये एक जनुक बंद केलंय. ते जनुक झाडाला दुष्काळ-क्षार सोसू देण्याच्या आड येणारं होतं, मधला अडसर काढला. त्यात बाहेरचं जनुक राहत नाही, म्हणून नियमही जीएमपेक्षा वेगळे लागतात. टोमॅटोचा असा वाण जपानमध्ये २०२१पासून विकला जातो, पण तो रक्तदाबासाठी म्हणून, उन्हासाठी नाही.

निवृत्त_मास्तर
या संपादित वाणांवर बियाण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न मला अजून सुटत नाही. पण त्याचा वेगळा धागा काढावा, इथे मारामारी होईल.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, कापसाच्या टायमाले झालेली मारामारी अजून संपली नाही.

रोपवाटिका
जीनवरून माझी एक तक्रार. एका पुडीवर सूत्रकृमीला (मुळांत शिरून गाठी करणाऱ्या बारीक कृमीला) प्रतिकारक असं छापलेलं. हिवाळी लागणीत खरंच मुळं स्वच्छ. तेच वाण उन्हाळ्यात दिलं तर गिऱ्हाईक गाठी-गाठींची मुळं घेऊन नर्सरीत हजर. मला वाटलं भेसळ.

प्रयोगवही
भेसळ असेलच असं नाही. सूत्रकृमीविरुद्धचं जे जुनं, सगळीकडे वापरलेलं जनुक आहे, एमआय-१, ते मातीचं तापमान २८च्या वर गेलं की काम सोडतं. जनुक आहे तिथेच असतं, तापलेल्या मातीत त्याचा उपयोग होत नाही. या प्रतिकारालाही आपल्या करवल्यांपैकी एचएसपी ९० लागते. काळं मल्चिंग असेल तर मातीचा ताप आणखी चढतो. चंदेरी बाजू वर ठेवली तर जरा कमी.

रोपवाटिका
अगं बाई. त्या माणसाशी मी केवढी भांडले होते.

ओतूरकर
ताई, तारीख टाळत नव्हतो, वही पोराकडे होती. आता समोर घेऊन बसलोय.

बांधाकडचा जुना वाण: लागण २५ मार्च.
विहिरीकडचा नवा वाण: लागण ११ एप्रिल. रोपं उशिरा मिळाली म्हणून सतरा दिवसांचा फरक पडला.

याने काय होतं? वाण तर वेगळे आहेतच की.

प्रयोगवही
यानेच सगळं होतं, दादा.

टोमॅटोचं फूल उन्हाला सगळ्यांत नाजूक असतं ते उमललेलं असताना नव्हे, तर उमलायच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी. तेव्हा ती हिरवी बारीक कळी असते, आपलं लक्षही जात नाही. आत परागकण घडत असतात. त्या वेळी ऊन लागलं तर पराग पोकळ होतात, रुजत नाहीत. कळी बाहेरून छान दिसते, ठरल्या दिवशी उमलते, फळ काही धरत नाही आणि मग झाड देठाचा सांधा सोडून देतं. उमललेल्या फुलालाही कडक ऊन बाधतं, पण खरा घाव आधीचा.

तुमची भट्टी १८ ते २२ एप्रिल. त्यात दहा-बारा दिवस मिळवा. २८ एप्रिल ते ४ मे. त्या आठवड्यात उमललेली फुलं आतून आधीच गेलेली होती, म्हणून २ मेपासून सडा. वळिवाचा काही दोष नाही. गच्चीबाग ताईंनी पाणी तोडलं तेही उगाच.

आपला ए२ इथेच कामाला येतो. फ्रँकफर्टकरांनीच पुढे दाखवलं की ए२ दाबलेल्या झाडांत, पराग कोवळे असताना ऊन दिलं तर ते जास्त मरतात. तयार झालेल्या परागांना मात्र ए२ असो-नसो, फारसा फरक पडत नाही.

आता विहिरीकडे बघा. ११ एप्रिलची लागण म्हणजे भट्टीच्या वेळी रोप सात ते अकरा दिवसांचं. पहिलं फूल कधी दिसलं?

ओतूरकर
वहीत ८ मे आहे.

प्रयोगवही
त्यात आठ-तेरा दिवस वजा करा. २५ ते ३० एप्रिल. वळीव झाल्यानंतरचे गार दिवस. त्या प्लॉटच्या नाजूक कळ्यांनी ते ऊन पाहिलंच नाही. नव्या वाणात दम असेलही, पण तुमच्या रानात त्याची परीक्षा झालेली नाही. पेपरच्या दिवशी तो वर्गातच नव्हता.

सातबारा
म्हणजे आरोपी घटनास्थळी नव्हता. पुराव्याअभावी दुकानदार निर्दोषही नाही आणि दोषीही नाही. ओतूरकर, दीडपट पैशाची पावती ठेवलीत ना?

खवचट_खंडू
पावती आहे, पण बाराशेच्या बियाण्यासाठी वकील पंधराशे मागतोय.

ओतूरकर
अहो, डोकं गरगरलं. मी पुढच्या साली अख्खं रान त्याच वाणाचं करणार होतो!

आत्ता बॅटरी घेऊन प्लॉटमध्ये जाऊन आलो. बांधाकडच्या झाडांना खालचा पहिला झुबका लागलाय, दोन-तीन फळं. दुसरा झुबका जवळजवळ रिकामा, नुसते देठ. तिसऱ्याला परत फळं धरतायत. म्हणजे मधलाच गेला.

प्रयोगवही
हिशेब जुळला. झाडाने तारीख लिहूनच ठेवलीय.

रोपवाटिका
माझीही वीस वर्षांची गाठ सुटली. लोक गळ दिसल्यावर फवारा मारतात, तेव्हा घाव दहा दिवसांचा जुना असतो. पुढची फुलं आपोआप टिकतात आणि श्रेय टॉनिकला जातं!

दादा, पुढच्या वेळी भट्टीचा अंदाज आला की त्याच दिवसांत, फूल असो-नसो, वर नेट टाका, आणि पाण्याचा ताण पडू देऊ नका, दिवसातून दोन-तीनदा थोडं-थोडं सोडा. आम्ही नर्सरीतही रोपं द्यायच्या आधी आठवडाभर नेट काढून कडक करतो. ताई, त्याचाही या ए२शी संबंध आहे का?

प्रयोगवही
काही अंशी, हो. आधी सोसवेल एवढं ऊन दिलेलं रोप पुढचा झटका जास्त सोसतं, कारण करवल्या आणि ए२ साठलेले असतात. पण ही शिदोरी काही दिवसांचीच. नर्सरीत कडक केलेल्या रोपाला महिन्यानंतरच्या कळीत त्याचा फायदा मिळेल असं समजू नका.

डेव्हिसकर
दोन्ही वाण एकाच दिवशी, आलटून-पालटून ओळी करून लावा. नुसते दोन तुकडे केले तर विहिरीकडची जमीन भारी म्हणूनही फरक पडेल.

ओतूरकर
विहिरीकडची जमीन भारी आहेच. ठरलं. पुढच्या साली एक ओळ जुनी, एक नवी, एकाच दिवशी. अर्ध्यावर नेट. रोपवाटिका ताई, दोन्हींची रोपं एकाच वेळी तयार करून द्याल का? १५ मार्चला लागतील. पोराला वही नवीन आणून दिलीय, त्याने आत्ताच पानावर रकाने आखलेत: कमाल, किमान, कळी, फूल, गळ.

रोपवाटिका
देते की. बी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतं करा. दोन्ही पुड्या एकदम आणा, यंदासारखं एक आज आणि एक पंधरा दिवसांनी नको.

गच्चीबाग
तो कमाल-किमान तापमापक कुठे मिळतो? आणि नऊ कुंड्यांत ओळी आलटून-पालटून कशा करायच्या?

खवचट_खंडू
सासूबाईंना मधोमध उभं करा, बाकी आपोआप जुळेल.